मोंढ्यामागच्या गल्लीचा बेलभंडारा

२५ नोव्हेंबर, सोमवार

जागर समितीच्या निता मॅडम म्हणाल्या, मोहीम संपेपर्यंत प्रत्येक सखीनं रोज चार ओळी लिहाव्यात. मनात येईल ते लिहायचं, कुणाला दाखवायचं नाही. मी म्हणलं, मॅडम, मनात येईल ते लिहिलं तर गल्लीत राहू देतील का मला? सगळ्या हसल्या. मॅडमपण हसल्या.

शहरात मोठी मोहीम सुरू झाली आहे. बायकांवरचा अत्याचार थांबवायचा. सकाळी फेरी निघाली, ऑटोवर भोंगा, पोरींच्या हातात फलक. प्रत्येक गल्लीला एक सखी नेमली. मोंढ्यामागच्या गल्लीची सखी मी, मनकर्णाबाई गिरणीवाली. दुसरी कोण होणार? नवरा गेल्यापासून एकटीनं गिरणी चालवून राहिले. गल्लीतल्या घराघराचं पीठ माझ्या हातून जातं, कुणाच्या घरात काय शिजतं ते मला वासावरून कळतं.

संक्रांतीनंतर मोठं हळदीकुंकू ठेवलंय. ज्या गल्लीतून मारहाणीची एकही तक्रार येणार नाही, तिच्या तोंडाशी ‘हिंसामुक्त गल्ली’ अशी पाटी लागणार. ती पाटी आपल्या गल्लीला लागली नाही तर नावाची मनकर्णा नाही मी.

२७ नोव्हेंबर

आज शिवकन्या दळण घेऊन आली. माझ्या भावाची, सोमेश्वरची पोरगी. माझ्या पोटी काही नाही. आमच्या गावी, साखऱ्याला, पुढची शाळा नव्हती म्हणून पाचवीला तिला इथं आणली, ती माझ्याच हाताखाली वाढली. लग्नही मीच जमवलं, गल्लीतल्याच मुन्नाशी, म्हणजे पोरगी नजरेसमोर राहील. मुन्ना सेनगावच्या रस्त्याला जीप चालवतो. जावई झाला तरी माझ्या डोळ्यांसमोर नागडं फिरलेलं पोरगं ते. दारूचा थेंब नाही, बिडी नाही, गुटखा नाही.

गिरणी चालू असली की तिथलं बोलणं बाहेर जात नाही. म्हणून बायका मन मोकळं करायला माझ्याकडं येतात. शिवकन्या डबा ठेवून माझ्या कानाशी आली आन् म्हणाली, “आत्या, ते मारतेत मला.”

मी म्हणलं, “काहून?”

“कायबी कारण लागतंय. फोन उचलाया उशीर झाला. तनू रडली. भाकर वातड झाली.” मग पदर सरकवून खांदा दाखवला. निळाजर्द. तनू कडेवर होती, दोन वर्षांचं लेकरू, ते आईच्या खांद्यावर फुंकर घालून राहिलं होतं. म्हणजे त्या लेकराला सवय आहे.

माझं रक्त असं तापलं की दळणाचा डबा नेऊन मुन्नाच्या टाळक्यात घालावा. पण गरम डोक्यानं काही करायचं नसतं. शिवकन्या म्हणाली, “मॅडमकडं जाऊ का आत्या? त्यायनं परवा नंबर दिलाय.”

मी म्हणलं, “तू कुठंच जाऊ नको. मी हाये ना? मी बंदोबस्त करते बराबर.”

सखीच्याच भाचीनं पहिली तक्रार केली तर गल्ली काय म्हणेल? आणि ते लग्न मीच जमवलेलं. आपलेच दात, आपलेच ओठ. तिनं मान हलवली आणि पीठ घेऊन गेली. माझ्या शब्दाबाहेर नाही पोरगी.

२ डिसेंबर

उपाय सापडला. बाजरीच्या दळणाची रांग लागली होती, चंपाषष्ठी जवळ आली ना, रोडग्याला पीठ लागतं. एक म्हातारी म्हणाली, पूर्वी भांडण लागलं की खंडोबासमोर बेलभंडारा उचलायला लावत, आता कोर्टात जातेत. मी तिथंच पट्टा बंद केला.

बेलभंडारा! देवापुढचं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा ओंजळीत घेऊन जो शब्द दिला, तो मोडायची छाती आमच्या भागात कुणाची नाही. कोर्टात गीतेवर हात ठेवून खोटं बोलणारे पायलीचे पन्नास मिळतील. पण बेलभंडारा उचलून खोटं बोलणारा मी तरी पाहिला नाही.

गल्लीतल्या सगळ्या नवऱ्यांनी चंपाषष्ठीला उचलायचा. सगळ्यांनी उचलला म्हणजे मुन्नाला एकट्याला उचलायला लावलं असं दिसणार नाही. त्याचीही अब्रू राहील, शिवकन्येचीही, माझीही. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. डोकं चालतं म्हणायचं अजून माझं म्हातारीचं.

७ डिसेंबर, चंपाषष्ठी

काय दिवस गेला! भंडाऱ्याची हळद मी माझ्या गिरणीत स्वतः दळली. मोंढ्यातल्या अडत्याकडून चांगली हळकुंडं आणली, आधी दगड धुऊन घेतला. अंगावरची पिवळी पूड अजून निघाली नाही.

खंडोबाच्या देवळात आरती झाल्यावर मी उभी राहिले. आधी कुणी पुढं येईना. एकजण म्हणाला, “आम्ही काय मारतो का बायकांना? शपथ कशापायी?” मी म्हणलं, “मारत न्हाईस ना? मग घाबरतो काहून? कर न्हाई त्याला डर कशाला?” बायका फिदीफिदी हसल्या. मग काय, नाक दाबलं की तोंड उघडतंच. एकेकजण आला.

शपथेचे शब्द मीच जुळवले होते. “घरच्या बाईवर हात उचलणार नाही. उचलला तर माझ्या लेकराबाळांवर येवो.” मुन्ना चौथा आला. आवाज स्वच्छ, मान ताठ, डोळे मिटलेले. मी शिवकन्येकडं बघितलं. तिनं तनूला छातीशी घट्ट धरली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आनंदाचं असणार, दुसरं कशाचं?

येळकोट येळकोट म्हणून सगळ्यांनी भंडारा उधळला. घरी येऊन भरीत-रोडगा खाल्ला, इतका गोड कधी लागला नव्हता.

९ डिसेंबर

कुणीतरी काढलेला व्हिडिओ सगळीकडं फिरून राहिला. कनेरगाव नाक्यापासून फोन आले. समितीचे अध्यक्ष म्हणाले, याला म्हणतात मातीतून आलेलं प्रबोधन. दोन गल्ल्यांनी मला विचारलं, शपथेचे शब्द पाठवा. पाठवले.

निता मॅडमनी मात्र कौतुक केलं नाही. म्हणाल्या, “मनकर्णाताई, शपथेत लेकरांचं नाव कशाला घातलं?” मी म्हणलं, “मॅडम, पुरुषाला स्वतःच्या जिवाची भीती नसते, लेकराची असते.” त्या म्हणाल्या, “आणि बाईला?” मी म्हणलं, “बाईनं कुठं शपथ घेतली?” मग त्यांचा फोन वाजला.

गल्लीत दस्तगीर पेटीवाल्याचं एकच मुसलमान घर. त्यांना बेलभंडारा कसा सांगायचा, म्हणून मी त्याच्या घरी गेलेच नव्हते. आज त्याची बायको खुर्शीदबी दळायला आली. मी म्हणलं, “तुझ्या मालकाला कुराणाची शपथ घ्यायला सांग की.” ती पीठ चाळत म्हणाली, “कसम मरद खाते, बाई. निभाना औरतां कू पड़ता.”

तिला काहीतरी उलटंच बोलायची सवय आहे. मी सोडून दिलं.

१४ डिसेंबर

आठवड्यात एकही बाई रडत आली नाही. गिरणीत नुसतं दळण. पूर्वी कुणी ना कुणी डोळे पुसत यायचीच. आता येतात, डबा ठेवतात, तिसरीकडंच बघतात, जातात. शांती म्हणतात ती हीच.

शिवकन्येला विचारलं, “आता कसं हाये?” म्हणाली, “बरं हाये.” पीठ भरून झालं तरी ती थांबली. मग म्हणाली, “आत्या, बेलभंडारा मोडला तर कुणावर येतं? उचलणाऱ्यावर का लेकरावर?”

“लेकरावरच. म्हणून तर कुणी मोडत न्हाई.”

“आन् कुणाला कळलंच न्हाई तर?”

मी तिला साखऱ्याची गोष्ट सांगितली. माझ्या लहानपणी तिथं एकानं दुसऱ्याचा बांध कोरला आणि बेलभंडारा उचलून सांगितलं, मी कोरला नाही. वरीसभर त्याला काही झालं नाही. मग एकदा नवराबायकोचं भांडण झालं आणि बायकोनंच चार माणसांत ओरडून सांगितलं की यांनी खोटी उचलली. आठ दिवसांत पोरगं गेलं. मी म्हणलं, “देव वाट बघतो बाई. घरच्याच माणसाच्या तोंडातून निघालं की मग फळतं.”

तिनं लई लक्ष देऊन ऐकलं. लहानपणीही अशीच ऐकायची, गोष्ट म्हणलं की डोळे मोठे करून. जाताना डबा उजव्या कडेवर घेतला, डाव्यावर तनू असते ना म्हणून असेल. पण तनू आज आलीच नव्हती. जाऊ दे.

२१ डिसेंबर

खुर्शीदबीनं आज डोकं खाल्लं. तिची आणि मुन्नाची भिंत एकच. म्हणाली, “बाई, दीवार पे कुछ बजता. धप्प, धप्प. बच्ची रोती, फिर एकदम चुप हो जाती.” मी म्हणलं, “मुन्ना जीपचे टायर घरात आणून ठेवतो, त्याचाच आवाज असेल.” म्हणाली, “टायर रोता क्या, बाई?”

मी चिडले. म्हणलं, “त्यानं बेलभंडारा उचललाय. माझ्यासमोर उचललाय. तुला त्यातलं काय कळतं?” तिनं दळण न घेताच डबा उचलला आणि गेली.

एवढं बोलायला नको होतं. पण ती तरी काय, लोकांच्या भिंतीला कान लावून बसते.

२८ डिसेंबर

काल निता मॅडम गल्लीत आल्या होत्या. बायकांशी एकेकीशी वेगळं बोलायचं म्हणाल्या. मी शिवकन्येजवळ बसून होते, तर म्हणाल्या, “ताई, तुम्ही जरा बाहेर थांबता का?” माझ्याच भाचीसोबत बोलताना मी बाहेर! पण गेले. दारातून दिसत होतं. शिवकन्येनं दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मग मॅडमनी हात हातात घेतल्यावर काहीतरी बोललीही, फार हळू.

त्याच संध्याकाळी तनूला ताप भरला. सडकून. शिवकन्या अनवाणी खंडोबाला पळत गेली. मी मागोमाग गेले तर पायरीवर डोकं आपटून राहिली होती, “चुकलं माझं, चुकलं, पुन्हा न्हाई बोलणार.” तनूच्या कपाळाला भंडारा लावून घरी आणलं. डॉक्टरनं औषध दिलं, घसा आला होता म्हणाले, आज ताप उतरला.

मी विचारलं, “काय चुकलं गं तुझं? काय बोललीस?” म्हणाली, “काही न्हाई आत्या.” देवभोळी झाली आहे फार. बरं आहे, बाईमाणसाला देवाचा आधार असावा.

मॅडमचा आज फोन आला. शिवकन्येला भेटायचं म्हणाल्या. मी निरोप दिला. ती म्हणाली, “त्यायला सांग, मी खोटं बोलले होते, मला काही तकलीफ न्हाई.” मी तसं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “तिला माझा नंबर पुन्हा द्या.” द्यायचा राहिला, गिरणीचा पट्टा तुटला होता.

६ जानेवारी

समितीत जाऊन सांगून आले, सही केली. मोंढ्यामागच्या गल्लीत एकही तक्रार नाही. मॅडम म्हणाल्या, “तक्रार नाही म्हणजे मार नाही असं नसतं ताई. पाटीची ही कल्पना मला पहिल्यापासून पटली नव्हती.” अध्यक्ष म्हणाले, “आता कार्यक्रमाच्या पत्रिका छापल्या.” मला मॅडमचा राग आला. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, तसं हिला चांगल्याचं कौतुकच नाही.

१३ जानेवारी, भोगी

शिवकन्या तिळाची भाकरी घेऊन आली नाही. दरवर्षी येते. दुपारी मीच वाटी घेऊन गेले. भिंतीला टेकून बसली होती, तोंड पांढरंफटक, डावी कूस दाबून. मी म्हणलं, “काय झालं?” म्हणाली, “मोरीत पाय घसरला.” मुन्ना खाटेवर मोबाईल बघत होता. म्हणाला, “सांगून थकलो आत्या, चप्पल घालून जात जा म्हणून.” मीपण ओरडले तिच्यावर. हळद घालून दूध दिलं. दवाखान्यात चल म्हणलं तर तिनं आधी मुन्नाकडं बघितलं. मग म्हणाली, “एवढ्यातेवढ्याला काय दवाखाना? उद्या संक्रांत हाये.”

तनू माझ्या कडेवर आली नाही. आईच्या पायाशी बसून राहिली.

१८ जानेवारी

काल लिहिता आलं नाही. आजही येत नाही, पण लिहिते.

काल हळदीकुंकू होतं. मंडप भरलेला. पाटी घ्यायला माझं नाव पुकारलं, मी मंचावर गेले, मला हार घातला. पर्समध्ये फोन वाजत होता, मी तो दाबून बंद केला. भाषण केलं. बेलभंडाऱ्याची गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या. खाली उतरून बघते तर खुर्शीदबीचे फोनवर फोन आलेले.

शिवकन्या घरात चक्कर येऊन पडली होती. मुन्ना गाडीवर, घरी तनू एकटी तिच्याजवळ. पोरीच्या रडण्यानं खुर्शीदबी धावली, तिनं आणि दस्तगीरनं तिला ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा तिला ऑपरेशनला नेलं होतं. हार माझ्या गळ्यात तसाच होता. एका नर्सनं सांगितलं तेव्हा काढला.

डॉक्टर बाहेर आल्या. तरुण पोरगी. म्हणाल्या, प्लीहा फाटली होती, पोटात रक्त साचलेलं, काढून टाकावी लागली. थोडा उशीर झाला असता तर वाचली नसती. मी म्हणलं, “मोरीत पडली होती.” त्या म्हणाल्या, “बाई, बरगड्यांवर जुने व्रण आहेत. महिन्याभराचे. मोरीत रोज पडतात का?”

महिन्याभराचे. चंपाषष्ठीनंतरचे.

मुन्ना आला. रडत होता, खरंखुरं. मी त्याला कोपऱ्यात नेलं आणि म्हणलं, “मारलंस ना?” डोळे पुसून म्हणाला, “आत्या, तुमीच विचारून राहिल्या व्हय? मी बेलभंडारा उचललाय. तुमच्यासमोर. मग कसा मारीन?” आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू उत्तर मीच द्यायचं आहे.

मी तिथून निघून ऑपरेशनच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

२० जानेवारी

शिवकन्या शुद्धीवर आली. पोलिसबाई जबाबाला आल्या, चांगल्या होत्या, मुन्नाला बाहेर काढलं, दार लावलं. शिवकन्या म्हणाली, “पडले.” त्यांनी तीन वेगळ्या तऱ्हेनं विचारलं. तिन्ही वेळा, “पडले.”

मी ठाण्यात गेले. म्हणलं, माझा जबाब घ्या, त्यानंच मारलंय. साहेबांनी घेतला. मग म्हणाले, “तुम्ही पाहिलंत का?” नाही. “तिनं तुम्हाला सांगितलं?” नोव्हेंबरात सांगितलं होतं. “त्यानंतर?” त्यानंतर नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. “बाई, परवाच तुमच्या गल्लीला पाटी मिळाली ना? एकही तक्रार नाही म्हणून? पेशंट काहीतरी बोलली पाहिजे. बोलली तर मी लगेच येतो.”

खुर्शीदबीकडं गेले. महिन्याभरानं तिच्या दारात उभी राहिले. तिनं मला आत घेतलं, पाणी दिलं, एक शब्द टोचून बोलली नाही. टोचली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “मैं बोलती ना. मेरे घर में किसने कसम खाई?” आतून दस्तगीर म्हणाला, “अजी, सोचो. कल मुन्ना बोलेगा, इन लोगां ने हमारे घर में आग लगाई. हमको इसीच गली में रहना है.” ती गप्प झाली. मी उठून आले. त्याचं चुकीचं नाही.

सोमेश्वर साखऱ्याहून आला. बापाच्या गळ्यात पडूनही तिनं तेच सांगितलं, पडले.

२३ जानेवारी

तिला एकटीला गाठलं. म्हणलं, “शिवे, मला खरं सांग. माझ्याशी तरी.”

ती छताकडं बघत म्हणाली, “आत्या, तूच म्हणली होतीस. घरच्याच माणसाच्या तोंडातून निघालं की फळतं. मॅडमपाशी अर्धा शब्द निघाला तर तनू तापानं फणफणली. सगळा सांगितला तर?”

“त्यो मारतो, म्हणजे शपथ मोडलीच की त्यानं!”

“त्यानं मोडली. पण मी म्हणले न्हाई तवर मोडली न्हाई.”

अरे देवा. एवढे दिवस ही पोरगी मार खाऊन राहिली, आणि मार खाता खाता त्याची शपथ सांभाळून राहिली. आधी मारताना तो निदान घाबरायचा, बायको माहेरी जाईल, आत्याला सांगेल. मी त्याची तीही भीती काढून घेतली. गल्लीतल्या बाकीच्या बायकांचं काय? त्या गप्प येत होत्या, गप्प जात होत्या, आणि मी त्याला शांती म्हणत होते. आणखी दोन गल्ल्यांना शब्द लिहून पाठवले मी. माझ्या तोंडाला आग लागो.

मी तिला सांगितलं, साखऱ्याची गोष्ट खरी नाही. ते पोरगं साप चावून मेलं होतं, आणि बायको चार माणसांत बोलली ती त्याच्यानंतर, दुःखानं. मी मागचं पुढं केलं. गोष्ट रंगवून सांगायची खोड मला. ती म्हणाली, “आता तू मला वाचवायला असं म्हणून राहिली.”

मी म्हणलं, “अगं, ती माझ्या गिरणीतली हळद हाये! मोंढ्यातून आणलेली! तिच्यात काय हाये?” म्हणलं खरं, पण म्हणताना माझाच आवाज कापला. तिला तो ऐकू गेला. मी साठीला आले, जन्मभर त्या भंडाऱ्यापुढं डोकं टेकवलं. मलाच पटलं नाही तर तिला कुठून पटेल?

निता मॅडम दवाखान्यात रोज येतात. तिच्यासाठी राहायची सोय बघितली आहे, तनूसकट. शिवकन्या त्यांना नमस्कार करते आणि डोळे मिटून घेते. जिन्यात मी मॅडमचे पाय धरायला गेले तर त्यांनी मला उभं केलं. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “ताई, ती तुमचं ऐकते. तुम्हीच काहीतरी करा.”

२६ जानेवारी

आज तिला घरी सोडणार होते. रात्रभर एकच विचार होता. शपथ खोटी म्हणून तिला पटत नाही, तर खरी मानूनच तिच्या मनातून काढायला पाहिजे.

पहाटे अंघोळ करून ओल्या लुगड्यानं खंडोबाला गेले. पदर पसरला. म्हणलं, देवा, त्या शपथेचे शब्द माझे. उचलायला मी लावली. मुन्नानं मोडली, त्याचं जे काही फळ असेल ते माझ्या ओटीत टाक. तनूच्या केसालाही धक्का लावू नको. पुजाऱ्याला साक्षी ठेवलं, त्याला भंडारा माझ्या ओटीत टाकायला लावला. तो घाबरला होता. मी घाबरले नव्हते. महिन्याभरात पहिल्यांदा मला वाटलं, आता काहीतरी बरोबर केलं.

ओटी तशीच धरून दवाखान्यात गेले. तिला दाखवली. म्हणलं, “बघ, घेतलं मी. पाप आता माझ्या ओटीत हाये. तुझ्या लेकराला काही व्हायचं न्हाई. खाली पोलिसबाई बसल्यात, मॅडम बसल्यात. आता बोल शिवे. एकदा बोल.”

तिनं ओटीतल्या भंडाऱ्याकडं बघितलं. मग हात लांब करून माझ्या गालावरून फिरवला, तिच्या लहानपणी मी फिरवायची तसा. म्हणाली, “आत्या, ते लेकरावर येत असतं. तुला लेकरू कोण हाये?”

मी म्हणलं, “तूच की गं. तुझ्याशिवाय कोण?”

“मग ते आलंच की माझ्यावर,” ती म्हणाली. रागानं नाही. समजावून सांगावं तसं म्हणाली.

तेवढ्यात मुन्ना आला. त्यानं औषधं घेतली, पिशवी घेतली, डॉक्टरांना नमस्कार केला. तिला धरून जिना उतरवला, पायरी पायरीनं, बघणाऱ्या बाया म्हणाल्या, नवरा लई काळजी घेतो. पोलिसबाई उठून उभ्या राहिल्या. शिवकन्या त्यांच्यासमोरून गेली. निता मॅडमनी हाक मारली, तिनं मान वळवली नाही.

जीपमध्ये तिला पुढच्या सीटवर बसवलं. तनू मांडीवर. मी म्हणलं, मी येते सोबत, आठ दिवस राहते तुझ्यापाशी. मुन्ना म्हणाला, “कशाला तकलीफ आत्या? मी हाये ना.” आणि दार लावून घेतलं.

जीप गेली. मी ओटी धरून तिथंच उभी होते.